गोदाकाठची नामावळी आणि महाजालावरील पाऊलखुणा

नाशिकला रामकुंडावर किंवा त्र्यंबकेश्वरी कुशावर्तावर धार्मिक विधीसाठी आलेल्या यात्रेकरूला आडनाव आणि मूळ गाव हमखास विचारले जाते. उत्तर मिळाले की तीर्थोपाध्याय आपल्याकडील जुन्या वह्यांतून त्या घराण्याची नामावळी शोधून काढतात. आजोबा, पणजोबा कधी येथे आले होते, बरोबर कोण होते, कोणता विधी केला, याची नोंद तेथे असते. जुन्या पानांवर ती मोडीत असते आणि पुष्कळदा खाली खुद्द पूर्वजाची स्वाक्षरीही असते. नव्याने आलेला माणूस आपले व मुलाबाळांचे नाव त्याखाली लिहून परततो. शेकडो वर्षे चाललेली ही व्यवस्था म्हणजे एका अर्थाने वैयक्तिक माहितीचा प्रचंड साठाच होय. तरीही तिच्याबद्दल कोणाला भय वाटले नाही. माहिती कोण घेतो, ती कोठे राहते, कशासाठी वापरली जाते आणि कोणाला दाखवली जाते, हे देणाऱ्याला नेमके ठाऊक असते. शिवाय आपले पान तो केव्हाही उघडून पाहू शकतो.

येत्या सिंहस्थात या वह्यांच्या जोडीला आणखी एक नामावळी लिहिली जाणार आहे. तिच्याविषयी मात्र यातले काहीच यात्रेकरूला ठाऊक नसेल. ३१ ऑक्टोबर २०२६ रोजी ध्वजारोहण आणि २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मुख्य अमृतस्नाने असे नाशिक-त्र्यंबकेश्वर सिंहस्थाचे वेळापत्रक जाहीर झाले आहे. मेळ्यासाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापन झाले असून गर्दीच्या नियोजनासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेसह आधुनिक तंत्रज्ञान वापरण्याचा मनोदय शासनाने वारंवार व्यक्त केला आहे. त्याच वेळी वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा देशातील पहिला सर्वंकष कायदा टप्प्याटप्प्याने अमलात येत आहे. या दोन घडामोडी एकाच वर्षात एकत्र येत असल्याने, आपण महाजालावर मागे ठेवत असलेल्या माहितीचा प्रश्न नाशिककरांपुरता तरी आता केवळ तात्त्विक राहिलेला नाही.

माहितीचा माग कसा तयार होतो?

नागपूरहून सिंहस्थासाठी निघालेल्या एखाद्या कुटुंबाचा विचार करू. रेल्वेचे आरक्षण करताना नाव, वय, लिंग आणि मोबाइल क्रमांक दिला जातो. पंचवटीतील निवासासाठी एखाद्या संकेतस्थळावर चौकशी केली जाते. नाशिकरोड स्थानकावर उतरल्यावर मोबाइलवरील नकाशा उघडला जातो. रिक्षाचे, चहाचे, प्रसादाचे पैसे मोबाइलवरूनच दिले जातात. काळाराम मंदिरासमोर काढलेले छायाचित्र नातेवाइकांना धाडले जाते. यातील प्रत्येक कृती क्षुल्लक आहे. परंतु प्रत्येकीची नोंद कोठे ना कोठे होते आणि त्या सर्व नोंदींना जोडणारा एक समान धागा असतो, तो म्हणजे मोबाइल क्रमांक.

ही माहिती स्थूलमानाने तीन प्रकारची असते. पहिली, आपण समजून-उमजून दिलेली : नाव, पत्ता, जन्मतारीख. दुसरी, आपल्या नकळत गोळा झालेली. मोबाइल सुरू असला की तो जवळच्या मनोऱ्याशी संपर्क ठेवतो आणि मालक साधारण कोणत्या भागात आहे हे कंपनीला कळते. संकेतस्थळ उघडताच ‘कुकी’ नावाची छोटी नोंद आपल्या यंत्रात ठेवली जाते व पुढच्या भेटीत तिच्यावरून ओळख पटते. छायाचित्राच्या मूळ फाइलमध्ये, ती सोय बंद केली नसेल तर, ठिकाणाचे अक्षांश-रेखांशही साठवले जातात. तिसरा प्रकार सर्वांत दुर्लक्षित आहे. तो म्हणजे या दोहोंवरून बांधलेला अंदाज. कोणी रोज रात्री एका विशिष्ट ठिकाणी असतो, तर ते त्याचे घर. दर महिन्याला ठरावीक औषधांच्या दुकानात पैसे देतो, तर घरात दीर्घकाळचे आजारपण असावे. ही माहिती त्या माणसाने कोणालाही दिलेली नसते. ती त्याच्याविषयी तयार केली जाते.

या साठ्याला बाजारात किंमत आहे, म्हणूनच तो गोळा होतो. जाहिरातींवर चालणारे एखादे पान उघडले की त्यावरील मोकळ्या जागेचा लिलाव क्षणार्धात होतो. बोली लावणाऱ्यांना वाचकाविषयीची उपलब्ध माहिती पुरवली जाते. बोली एकच जण जिंकतो, पण माहिती हरलेल्यांकडेही पोचलेली असते. फुकट मिळणाऱ्या सेवांचे अर्थकारण बव्हंशी या व्यवहारावर उभे आहे. २०१८ मध्ये उघडकीस आलेल्या ‘केंब्रिज अॅनालिटिका’ प्रकरणात जगभरातील सुमारे ८ कोटी ७० लाख फेसबुक सदस्यांची माहिती अयोग्य रीतीने वापरली गेली असण्याची शक्यता खुद्द फेसबुकने मान्य केली. त्यात भारतातील सुमारे ५ लाख ६२ हजार जण होते. त्यांतील बहुतेकांनी कोणत्याही प्रश्नावलीस उत्तर दिलेले नव्हते. त्यांच्या यादीतील एखाद्या मित्राने ते दिले होते, इतकेच.

नाव नसले तरी ओळख पटते

‘आम्ही नावे काढून टाकूनच माहिती वापरतो’ असा खुलासा कंपन्या आणि सरकारी यंत्रणा नेहमी करतात. तो प्रामाणिक असला तरी पुरेसा नसतो. २००६ मध्ये ‘एओएल’ या अमेरिकी कंपनीने संशोधकांच्या सोयीसाठी सुमारे साडेसहा लाख सदस्यांनी केलेले दोन कोटी शोध जाहीर केले. नावांऐवजी क्रमांक घातले होते. एका क्रमांकाखालील शोध वाचून ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या बातमीदारांनी काही दिवसांतच जॉर्जियातील एका वृद्ध महिलेचे घर गाठले. गावाचे नाव, आडनावाचे नातेवाईक आणि आजारांची चौकशी यांवरून ती सापडली होती. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पंधरा लाख मोबाइलधारकांच्या पंधरा महिन्यांच्या नोंदी तपासण्यात आल्या. कोणत्या वेळी कोणत्या मनोऱ्याजवळ, अशी फक्त चार निरीक्षणे ठाऊक असली तर ९५ टक्के लोक इतरांपासून वेगळे ओळखता येतात, असे आढळले. कारण उघड आहे. आपले घर, आपली कचेरी, मुलांची शाळा आणि गावाकडचे घर हे चार बिंदू ज्याचे तंतोतंत जुळतात असा दुसरा माणूस सहसा नसतो.

कुंभमेळ्याचाच दाखला द्यायचा तर २०१३ च्या प्रयागच्या कुंभाचा देता येईल. तेथील एका मोबाइल कंपनीच्या जानेवारी ते मार्च या काळातील ३९ कोटींहून अधिक कॉल व संदेशांच्या नोंदींचा संशोधकांनी अभ्यास केला. कोण काय बोलले हे त्यांना ठाऊक नव्हते. कोणी, कोणाला, केव्हा आणि कोणत्या मनोऱ्यावरून, एवढेच होते. तेवढ्यावरून कोणत्या राज्यातील लोक केव्हा आले, ते एकमेकांच्या जवळपास राहिले की नाही, याचे चित्र स्पष्ट झाले. ज्या राज्यांतून थोडे लोक आले होते ते आपसांत अधिक घट्ट राहिले, हा त्यातील एक निष्कर्ष. समाजशास्त्राच्या दृष्टीने तो मोलाचा आहे. परंतु बोलण्यातला एक शब्दही न ऐकता एवढे कळू शकते, ही बाब नागरिकाने नजरेआड करू नये. या कॉलनोंदी किमान दोन वर्षे जपून ठेवण्याचे बंधन दूरसंचार विभागाने डिसेंबर २०२१ मध्ये कंपन्यांवर घातले आहे.

चुकलेला माग आणि येरवड्याचे पन्नास दिवस

माहितीचा माग अचूक असतो, हा आणखी एक समज. त्याची किंमत महाराष्ट्रात एका निरपराध तरुणाने मोजली आहे. छत्रपती शिवाजी महाराजांविषयीचा अवमानकारक मजकूर ‘ऑर्कुट’ या त्या काळी लोकप्रिय असलेल्या संकेतस्थळावर टाकल्याच्या आरोपावरून पुणे पोलिसांनी ऑगस्ट २००७ मध्ये बंगळूरच्या एका संगणक अभियंत्यास अटक केली. पुरावा होता तो केवळ ‘आयपी’ पत्त्याचा. मजकूर ज्या पत्त्यावरून आला तो पत्ता कोणाचा, असे विचारल्यावर इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपनीने या तरुणाचे नाव कळवले. ते चुकीचे होते. हे सिद्ध होईपर्यंत सुमारे पन्नास दिवस तो येरवडा कारागृहात होता.

या पत्त्याचे तंत्र समजून घेतले तर धोका कोठे आहे हे कळते. घरगुती ग्राहकाला मिळणारा आयपी पत्ता बहुधा कायमचा नसतो. आज सकाळी तो एकाकडे, तर संध्याकाळी दुसऱ्याकडे असू शकतो. मोबाइलवर तर एकच पत्ता एका वेळी अनेक जण वापरतात. त्यामुळे पत्त्याबरोबर अचूक वेळ नसेल तर त्या पत्त्याला काहीही अर्थ उरत नाही. परदेशातील यंत्रावरची वेळ आणि भारतीय वेळ यांत फरक असतो. ग्रिनिचच्या वेळेपेक्षा आपले घड्याळ साडेपाच तास पुढे आहे. सकाळ-संध्याकाळची गल्लत, एखादा आकडा इकडचा तिकडे, आणि पोलीस दुसऱ्याच दारात उभे राहतात. वाड्याच्या पाटीवरील क्रमांक आणि महाजालावरील हा पत्ता यांत हा मूलभूत भेद आहे. तपास यंत्रणेने संगणकाच्या नोंदीला धागा मानावे, निवाडा मानू नये, हा त्या प्रकरणाचा धडा होता. ऑर्कुट २०१४ मध्ये बंद झाले. धडा मात्र जुना झालेला नाही. चेहऱ्यावरून ओळख पटवणारी यंत्रेही संभाव्यतेच्या भाषेत बोलतात, आणि लाखोंच्या गर्दीत अगदी अल्प प्रमाणातली चूक म्हणजेसुद्धा शेकडो चुकीची माणसे.

पहाऱ्यातील पासपोर्ट आणि उघड्यावरच्या झेरॉक्स

नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये देशाच्या पासपोर्टच्या पुस्तिका तयार होतात. अलीकडे त्यांत इलेक्ट्रॉनिक चिपही बसवली जाते. कोऱ्या कागदाचा ताव अन् ताव मोजून ठेवला जातो, बाहेर सशस्त्र पहारा असतो. त्याच शहरात भरलेल्या पासपोर्टची छायाचित्रे प्रवास कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांच्या मोबाइलमध्ये महिनोन्महिने पडून असतात. आधार पत्रिकेच्या झेरॉक्स लॉजच्या टेबलाखाली साचतात आणि रद्दीत जातात. कोऱ्या पुस्तिकेची चोरी हा राष्ट्रीय सुरक्षेचा प्रश्न ठरतो. भरलेल्या पुस्तिकेची प्रत हरवणे हा मात्र कोणाचाच प्रश्न ठरत नाही.

आधारची कथाही आपल्या विभागाशी निगडित आहे. देशातील पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी वितरित झाले. हा जिल्हा नाशिक महसूल विभागात येतो. ज्याला कोणतेही ओळखपत्र नाही त्या आदिवासी माणसाला ओळख मिळावी, हा त्यामागील हेतू होता. पुढे हा क्रमांक बँक, मोबाइल, शाळा अशा सर्वांनीच मागायला सुरुवात केली. सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात ही योजना वैध ठरवतानाच खासगी कंपन्यांना आधार मागण्याची मुभा देणारी तरतूद रद्द केली. मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळूर कार्यालयाने नागरिकांनी आधारची छायाप्रत सरसकट देऊ नये, हॉटेले आणि चित्रपटगृहांना ती घेऊन ठेवण्याचा अधिकार नाही, असे प्रसिद्धिपत्रक काढले. ‘गैरसमज होऊ शकतो’ या कारणास्तव दोनच दिवसांत ते मागे घेण्यात आले. क्रमांकाचे शेवटचे चार आकडेच दाखवणारी ‘मास्क्ड’ प्रत प्राधिकरणाच्याच संकेतस्थळावरून मोफत मिळते, हे आजही फारच थोड्यांना ठाऊक आहे.

माहिती फुटते ती नेहमी परदेशातील कुशल चोरांकडूनच, असेही नाही. २००५ मध्ये पुण्यातील एका कॉल सेंटरमधील कर्मचाऱ्यांनी अमेरिकी बँकेच्या ग्राहकांचे गुप्त संकेतांक मिळवून त्यांच्या खात्यांतून साडेतीन लाख डॉलरच्या आसपास रक्कम लांबवल्याचे प्रकरण गाजले होते. तेथे कुलूप तोडले गेले नव्हते. ज्याच्या हाती किल्ली होती त्यानेच दार उघडले होते. आज बँकेचे अधिकारी किंवा पोलीस असल्याची बतावणी करून ज्येष्ठ नागरिकांना लुबाडणाऱ्या टोळ्यांचे निम्मे काम अशा फुटलेल्या याद्याच करतात. फोन करणाऱ्याला आपले नाव, बँक आणि पत्ता आधीच ठाऊक असला की ऐकणाऱ्याचा विश्वास बसतो. सावज हेरण्यासाठी लागणारी माहिती आपणच कोठे ना कोठे ठेवून आलेले असतो.

नाशिकनेच घालून दिलेला वस्तुपाठ

या चित्राची दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे मांडायला हवी. २७ ऑगस्ट २००३ रोजी सिंहस्थातील शाहीस्नानाच्या वेळी नाशिकमध्ये झालेल्या चेंगराचेंगरीत ३९ भाविक मृत्युमुखी पडले. अरुंद उतारावर किती माणसे आहेत आणि मागून किती येत आहेत, याचा वेळीच अंदाज असता तर यातील अनेक जीव वाचले असते. तेव्हा गर्दीची माहिती गोळा करणे हे सरकारचे कर्तव्यच आहे. कोणती माहिती आणि किती, हा खरा प्रश्न आहे.

त्याचे एक उत्तर २०१५ च्या सिंहस्थात मिळाले होते. मूळचे नाशिकचे आणि अमेरिकेतील ‘एमआयटी’मध्ये संशोधन करणारे डॉ. रमेश रासकर यांच्या प्रेरणेने त्या वेळी ‘कुंभथॉन’ हा उपक्रम राबवण्यात आला. त्यात नाशिकच्या शाळकरी मुलांनी ‘आशिओतो’ नावाची, म्हणजे जपानी भाषेत पावलांचा आवाज, एक साधी चटई तयार केली. तीवरून पाऊल पडले की दाबामुळे विद्युतप्रवाह बदलतो आणि माणसे मोजली जातात. यात्रेकरूंच्या अंगावर संदेशवाहक बिल्ला लावण्याचा पर्याय विचारात आला होता, पण तीन कोटी लोकांना बिल्ले वाटणार कसे, या व्यावहारिक अडचणीवर तो मागे पडला. विकसकांनी सांगितल्यानुसार या चटईने अठरा तासांत सुमारे पाच लाख माणसे मोजली. त्या सिंहस्थात चेंगराचेंगरी झाली नाही. याचे सारे श्रेय एका चटईला देता येणार नाही. पोलिसांचे नियोजन, नवे घाट आणि रुंद केलेले मार्ग यांचाही त्यात वाटा होता. परंतु तत्त्व म्हणून ही चटई फार महत्त्वाची आहे. तिला किती पावले पडली हे कळत होते. ती कोणाची हे कळत नव्हते. जीव वाचवण्यासाठी जेवढी माहिती हवी तेवढीच ती घेत होती.

डॉ. रासकर यांनीच २०२० च्या करोनाकाळात मांडलेल्या ‘सेफ पाथ्स’ या प्रणालीचा विचारही याच दिशेचा होता. माणूस कोठे कोठे गेला याची नोंद त्याच्याच मोबाइलमध्ये राहावी, मध्यवर्ती संगणकावर नव्हे, आणि बाधित झाल्यास ती देण्याचा निर्णय त्याचा असावा, असे तिचे सूत्र होते. आरोग्य आणि खासगीपणा यांपैकी एकच निवडावे लागते, हे गृहीतक नाशिकच्याच एका भूमिपुत्राने तेव्हा खोडून काढले होते.

प्रयागराजने काय शिकवले?

२०२५ च्या प्रयागराज महाकुंभात तंत्रज्ञानाचा वापर पूर्वी कधी झाला नव्हता इतका झाला. सुमारे २,७०० कॅमेरे बसवण्यात आले आणि त्यांपैकी काहींना कृत्रिम बुद्धिमत्तेची जोड होती. हरवलेल्यांसाठी संगणकीकृत केंद्रे उभारली गेली. चुकलेली मुले व वृद्ध त्यांच्या कुटुंबांपर्यंत पोचवण्यात त्यांचा उपयोग झाला. तरीही २९ जानेवारीच्या पहाटे संगमावर झालेल्या चेंगराचेंगरीत अधिकृत आकडेवारीनुसार किमान ३० जणांचा बळी गेला. अर्थात कॅमेऱ्याला दिसणे आणि वेळेत निर्णय होणे या भिन्न गोष्टी आहेत. माहितीचा साठा वाढला म्हणून सुरक्षितता आपोआप वाढत नाही.

त्यानंतरच्या महिन्यात जे उघडकीस आले ते अधिक लज्जास्पद होते. स्नान करणाऱ्या आणि वस्त्रे बदलणाऱ्या महिलांची चित्रणे समाजमाध्यमांवर टाकली जात होती, टेलिग्रामवर विक्रीला ठेवली जात होती. उत्तर प्रदेश पोलिसांनी गुन्हे दाखल केले, खात्यांवर कारवाई झाली. परंतु एकदा महाजालावर गेलेले चित्रण पूर्णपणे पुसता येत नाही. श्रद्धेने नदीत उतरलेल्या त्या महिलांनी कोणत्याही संकेतस्थळावर नाव नोंदवले नव्हते. तरीही त्यांचा माग तयार झाला, आणि तो दुसऱ्यांनीच तयार केला. ‘मी इंटरनेट वापरतच नाही, मला काय धोका?’ असे म्हणणाऱ्यांनी हे प्रकरण ध्यानात ठेवावे. रामकुंडाचा परिसर तर संगमाच्या वाळवंटापेक्षा कितीतरी आटोपशीर आणि चहूबाजूंनी इमारतींनी वेढलेला आहे.

कायदा येतो आहे, पण...

खासगीपणा हा घटनेने दिलेला मूलभूत अधिकार आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने दिला. त्यानंतर संसदेने ‘डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा’ संमत करण्यास २०२३ चा ऑगस्ट उजाडला. त्याचे नियम अधिसूचित झाले ते नोव्हेंबर २०२५ मध्ये. त्यांतील मुख्य बंधने लागू होण्यास नियमांनी अठरा महिन्यांची मुदत दिली आहे. हिशेब केला तर ती मे २०२७ मध्ये संपते. पहिले अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ रोजी आहे. याचा अर्थ सिंहस्थाची सारी यंत्रणा, त्यासाठीचे करार, निविदा आणि अॅप ही नवी बंधने लागू होण्यापूर्वी तयार होणार; आणि तिचा प्रत्यक्ष वापर मात्र कायदा लागू झाल्यावर होणार. पायाच चुकीचा घातला गेला तर नंतर नियमांचे पालन करणे ही कागदोपत्री कसरत ठरेल.

कायद्यात स्वागतार्ह गोष्टी पुष्कळ आहेत. कोणती माहिती कशासाठी घेत आहोत हे स्पष्ट सांगूनच संमती घ्यावी लागेल. ही सूचना मराठीसह आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत मिळण्याची सोय ठेवावी लागेल. आपली माहिती पाहण्याचा, दुरुस्त करण्याचा आणि पुसून टाकण्यास सांगण्याचा अधिकार नागरिकाला आहे. सुरक्षिततेत कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. उणिवाही तितक्याच ठळक आहेत. सार्वभौमत्व, सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था आदी कारणांसाठी केंद्र सरकार कोणत्याही शासकीय यंत्रणेस अधिसूचनेद्वारे कायद्यातून वगळू शकते. दंडाची रक्कम सरकारच्या संचित निधीत जमा होईल. ज्याचे नुकसान झाले त्याला भरपाई देण्याची तरतूद नाही आणि माहिती तंत्रज्ञान कायद्यातील भरपाईचे जुने कलमही गाळले जाणार आहे. येरवड्यात पन्नास दिवस काढणाऱ्या तरुणासारख्याने उद्या दाद मागायची ती कोणत्या कलमाखाली, हा प्रश्न त्यामुळे अनुत्तरित राहतो.

माहिती अधिकार कायद्यातील बदल तर नियमांबरोबरच अमलात आला आहे. व्यक्तिगत माहिती व्यापक सार्वजनिक हितासाठी उघड करण्याची जी स्पष्ट मुभा त्या विशिष्ट कलमात होती, ती काढून टाकण्यात आली. सार्वजनिक हिताचे दुसरे सर्वसाधारण कलम शिल्लक आहे हे खरे. पण नकार देऊ इच्छिणाऱ्या अधिकाऱ्याच्या हाती आता सोपे कारण आले आहे. नागरिक शासनाला अधिकाधिक दिसावा आणि शासन नागरिकाला कमी कमी दिसावे, अशी ही विषम मांडणी आहे. माहिती अधिकाराच्या चळवळीत अग्रभागी राहिलेल्या महाराष्ट्राने तरी ती निमूटपणे स्वीकारू नये.

नाशिककरांनी काय मागावे?

‘आमच्याकडे लपवण्यासारखे काय आहे?’ हा प्रश्न अशा वेळी हमखास विचारला जातो. लपवण्यासारखे काही नसलेली माणसेही घराला दार लावतात आणि पत्र पाकिटात घालून पाठवतात. खासगीपणा म्हणजे गुपित नव्हे. आपल्याविषयी कोणाला काय ठाऊक असावे हे ठरवण्याचा तो अधिकार आहे. त्याचा आग्रह धरणे म्हणजे तंत्रज्ञानाला विरोध करणे, असेही नाही.

कुंभमेळा प्राधिकरणाने पाच गोष्टी आताच जाहीर कराव्यात, अशी मागणी नाशिकच्या नगरसेवकांपासून वकील संघापर्यंत सर्वांना करता येईल. एक, मेळ्यात कोणत्या साधनांनी कोणती माहिती गोळा होणार याची यादी मराठीत प्रसिद्ध व्हावी. दोन, गर्दी मोजणे आणि माणूस ओळखणे ही कामे स्वतंत्र ठेवावीत. जेथे मोजणी पुरेशी आहे तेथे चेहरे टिपणारी यंत्रणा नको. तीन, हरवलेल्या व्यक्तींसाठी घेतलेली छायाचित्रे आणि तपशील त्या कामापुरतेच वापरावेत आणि मेळा संपल्यावर ठरावीक दिवसांत नष्ट करावेत. नष्ट केल्याचा अहवालही प्रसिद्ध व्हावा. चार, अॅप आणि कॅमेरे पुरवणाऱ्या खासगी कंत्राटदारांना ही माहिती अन्यत्र वापरता येणार नाही, ही अट निविदेतच असावी. पाच, स्नानाच्या घाटांवर महिलांसाठी पुरेशी आडोशाची सोय, चित्रीकरणास मनाई आणि तिची प्रत्यक्ष अंमलबजावणी व्हावी. यांतील एकाही गोष्टीसाठी केंद्रीय कायद्याची मुदत संपण्याची वाट पाहावी लागत नाही.

नागरिकांनाही काही गोष्टी आजच करता येतील. आधार द्यावेच लागले तर चार आकड्यांची प्रत द्यावी, छायाप्रतीवर कोणाला आणि कशासाठी दिली ते तारखेसह लिहावे. आधारमधील बोटांच्या ठशांची पडताळणी कुलूपबंद करण्याची सोय आहे, ती वापरावी. मोबाइलमधील कोणत्या अॅपला ठिकाण, संपर्कयादी आणि छायाचित्रे पाहण्याची परवानगी दिली आहे, हे महिन्यातून एकदा तपासावे. विजेरी किंवा पंचांगाच्या अॅपला संपर्कयादीची गरज नसते. लहान मुलांची छायाचित्रे शाळेच्या नावासह सर्वांसाठी खुली ठेवू नयेत. आणि फसवणूक झालीच तर वेळ न दवडता १९३० या क्रमांकावर कळवावे. पहिल्या काही तासांत पैसे गोठवता येण्याची शक्यता सर्वाधिक असते.

तथापि सारा भार नागरिकांच्या दक्षतेवर टाकून चालणार नाही. वाहत्या रस्त्यावर पादचाऱ्याने जपून चालावे हे ठीक. पण सिग्नल बसवणे ही त्याची जबाबदारी नव्हे. बारा वर्षांनी येणारा सिंहस्थ हा नाशिकसाठी रस्ते, पूल आणि घाट बांधून घेण्याचा काळ असतो, आणि ती कामे पुढील पिढीच्या उपयोगी पडतात. या वेळी उभारले जाणारे कॅमेरे आणि संगणकीय प्रणालीही मेळा संपल्यावर शहरातच राहणार आहेत. त्यांच्यावर कोणाचा अधिकार असेल, त्यांत साठलेले कोण पाहील आणि ते केव्हा पुसले जाईल, हे प्रश्न ध्वजा उतरल्यावर विचारून उपयोग नाही. निविदांच्या अटी लिहिल्या जात असतानाच ते विचारावे लागतील.